हार्नेस बरगड्यांवर चढतो? माझे तीन हार्नेस आणि एक आखूड दोरी

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल. विंडसर्फिंगला, म्हणजे शीड लावलेल्या बोर्डावर उभं राहून वाऱ्यावर पळायला, सध्या वापरतेय तो वेस्ट (कंबरेचा) हार्नेस, बायकांच्या कटचा, स्मॉल साइज, पाठीचा भाग आधीच वळण दिलेला आणि बऱ्यापैकी कडक, पुढे दोन्ही बाजूंना ओढायचे पट्टे. चाळीसेक सेशन झाली, वर चढत नाही, बरगड्या दुखत नाहीत, पाचपैकी साडेचार. अर्धा गुण का कापला ते शेवटी सांगते. पण हा मिळायच्या आधी दोन वापरून झाले होते आणि त्यातल्या एकाला मी वर्षभर उगाच शिव्या घातल्या, त्याची निम्मी चूक नव्हतीच, ती दोरीची होती, म्हणजे खरं तर माझीच.

ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. माझ्या कंबरेला बसला म्हणून तुमच्या कंबरेला बसेल असं नसतं, आणि नाव लिहिलं की लोक नाव बघून ऑर्डर करतात आणि मग माझ्यासारखे वर्षभर ओढत बसतात.

नवीन आहेत त्यांच्यासाठी दोन वाक्यांत, हार्नेस म्हणजे कंबरेला बांधायचा रुंद पट्टा, पुढे एक धातूची पट्टी, तिला स्प्रेडर बार म्हणतात, त्यावर खाली तोंड केलेला हुक. सेल म्हणजे शीड, ते धरायचा आडवा दांडा म्हणजे बूम, तिला दोन्ही बाजूंना एकेक दोरी लटकत असते, ती हुकात अडकवायची आणि अंगाचं वजन मागे टाकायचं, मग सेलची ओढ कंबर घेते आणि हात फक्त सेल आत-बाहेर करायला उरतात. हार्नेसशिवाय १५ नॉटच्या वाऱ्यात, म्हणजे ताशी साधारण २८ किलोमीटर, मी दहा मिनिटं टिकायचे आणि मग मुठी उघडायच्याच नाहीत, पाण्याच्या बाटलीचं झाकण दुसऱ्याकडून उघडून घ्यायला लागायचं. कॅलिफोर्नियातल्या जिम ड्रेक आणि हॉयल श्वाइट्झर या दोघांनी १९६८ साली या बोर्डाच्या पेटंटसाठी अर्ज केला तेव्हा हे हार्नेस वगैरे काही नव्हतं, लोक नुसत्या हातांनी लटकायचे. नंतर आले ते छातीवरचे, खांद्यावरून पट्टे असलेले, आणि पाठीची वाट लावणारे. आमच्या ट्रेनर दादांकडे एक तसला जुना पडलाय, घालून बघितला, दप्तर उलटं घातल्यासारखं वाटतं.

पहिला हार्नेस मैत्रिणीचा जुना, सीट हार्नेस. ज्यांनी बघितला नाही त्यांनी अशी कल्पना करा की कमरेचा पट्टा आणि लहान मुलाची लंगोटी एकत्र शिवलीय. मांड्यांमधून पट्टे जातात, हुक पार खाली, ओटीपोटापाशी येतो. हा वर चढत नाही, चढूच शकत नाही, मांड्यांच्या पट्ट्यांनी खालून धरून ठेवलेला असतो. "जागेवर राहणारा" एवढी एकच अट असेल तर विषय इथेच संपला, सीट घ्या आणि घरी जा. मोठं सेल, सरळ रेषेत वेग, तासन्‌तास एकाच पोझमध्ये मागे रेललेलं असणं, यासाठी हाच बरा, ओढ खाली बसते त्यामुळे खरंच खुर्चीत बसल्यासारखं वजन टाकता येतं आणि कंबर दुखणाऱ्यांनाही तो मानवतो असं मी बऱ्याच जणांकडून ऐकलंय. शिकाऊ लोकांनाही पहिल्यांदा हुक करायला सोपा जातो म्हणतात. मला नाही गेला. एक तर हुक इतका खाली की दोरीकडे बघायला मान खाली घालावी लागायची, आणि मान खाली घातली की सेल पुढे जातं आणि सेलच्या मागोमाग आपण. दुसरं म्हणजे वॉटरस्टार्ट, पाण्यात पडल्यावर सेलच्या ओढीनं उठायचं असतं तेव्हा गुडघा पोटाशी आणायला लागतो, तो पट्ट्यांमुळे अर्ध्यातच अडायचा. आणि तिसरं, जे कोणी लिहीत नाही, मांडीच्या आतल्या बाजूला पट्ट्याची शिवण घासते. पहिल्या दिवशी काही कळत नाही. खाऱ्या पाण्यात दोन तास काढून घरी येऊन अंघोळीला उभं राहिलं की कळतं, आणि चांगलंच कळतं. खाली लांब पायांची शॉर्ट्स घातली तर हा प्रकार बराच कमी होतो, मला ते फार उशिरा सुचलं.

म्हणून दुसरा घेतला वेस्ट हार्नेस. वेस्ट म्हणजे नुसता कंबरपट्टा, खाली काही नाही, वळायला वाकायला मोकळं, लाटांमध्ये किंवा उड्या बिड्या मारणारे बहुतेक जण हाच वापरतात. युनिसेक्स मीडियम. दुकानात टी-शर्टवर घातला, पट्टे ओढले, आरशात बघितलं, झकास दिसत होता, घेतला. एवढीच ट्रायल. पॅन्ट घेताना मी याच्या तिप्पट वेळ घालवते.

पहिले पाच मिनिटं स्वर्ग. मग हळूहळू लक्षात आलं की हुक जो बेंबीपाशी होता तो बोटभर वर आलाय. खाली ओढला. परत वर. वीस मिनिटांनी पट्ट्याची वरची कड सगळ्यात खालच्या बरगडीवर बसली होती आणि श्वास घेतला की ती आणखी रुतायची, अर्ध्या तासानं हुक छातीच्या हाडाखाली, रॅश गार्ड, म्हणजे पाण्यात घालायचा तो अंगाला चिकटणारा टी-शर्ट, गोळा होऊन काखेत, आणि मी बूमला धरून अशी उभी की लांबून बघणाऱ्याला वाटावं कुणीतरी मला मागून शर्ट धरून उचललंय. त्यात एक जोराचा झोत आला, मी हुक केलेली, दोरी सोडवायला बूम अंगाकडे ओढावी लागते तरच दोरी सैल पडून हुकातून खाली गळते, पण हुक इतका वर की ओढायला हातात जागाच उरली नव्हती. कॅटापल्ट. सेलवरून पुढे, बोर्डाच्या नाकापलीकडे. रात्री बघितलं तर डाव्या बरगडीवर अंगठ्याएवढा निळा डाग, बकलच्या आकाराचा, अगदी शिक्का मारल्यासारखा.

मग मी जे सगळे करतात ते केलं, आणखी घट्ट बांधला. याचा उपयोग होत नाही, उलट पोट दाबलं जातं आणि पट्टा निमुळत्या जागेकडे म्हणजे वरच सरकतो. टूथपेस्टची ट्यूब मधोमध दाबल्यासारखं आहे ते, माल जाणार कुठेतरीच.

आता याची कारणं, माझ्या बाबतीतली. माझं धड आखूड आहे, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यात जेमतेम चार बोटं जागा, त्यात त्या मीडियमच्या पाठीची उंची जास्त, म्हणजे तो सुरुवातच बरगडीपासून करत होता. शिवाय युनिसेक्स म्हणजे बहुतेक वेळा सरळ नळकांडं. बायकांच्या कमरेला आत वळण असतं, तिथे मागे पोकळी राहते, हात घालून बघा, तळहात आरामात गेला तर तो हार्नेस तुमचा नाही. पोकळी राहिली की पट्टा हाडावर टेकत नाही, नुसता त्वचेवर घसरतो. बायकांच्या कटमध्ये खालचा भाग जरा पसरट असतो, हाडावर टोपीसारखा बसतो आणि मग त्याला वर जायला हाडच आडवं येतं. काही पुरुषांनाही उलट त्रास असतो, ज्यांना कमरेला वळणच नाही, पोट जरा पुढे, त्यांना तर धरायला काहीच नसतं, त्यांच्यासाठी काही वेस्ट हार्नेसना काढता-घालता येणारे मांडीचे पट्टे मिळतात, दिसायला कसेही दिसोत, काम करतात.

तिसऱ्या वेळी शहाणी झाले. दुसऱ्या एका दुकानात गेले, तिथे भिंतीला बूमचा तुकडा लावून त्याला दोरी बांधलेली होती. त्या माणसानं हार्नेस बांधून दिला आणि म्हणाला, "मॅडम, आता लटका." मी लटकले, छान वाटलं, उतरायला लागले तर म्हणाला, "दोन मिनिटांत सगळेच छान वाटतात, दहा मिनिटं थांबा." आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे निघून गेला. मी तिथे दहा मिनिटं भिंतीला लटकून, येणारे जाणारे बघतायत, मी मोबाइल बघतेय. पण त्या दहा मिनिटांत तीन हार्नेस बाद झाले. पहिल्याची वरची कड चौथ्या मिनिटाला टोचायला लागली. दुसरा इतका मऊ की लटकल्यावर मागून दुमडला आणि सगळी ओढ पाठीवर एका रेघेत आली, हातात घेतल्यावर मऊ हार्नेस आरामदायक वाटतो पण पाण्यावर तोच बोचतो, ओढ सगळ्या पाठीवर पसरायला काहीतरी कडक लागतंच. तिसऱ्याचा बार माझ्यासाठी जास्त रुंद होता.

हे बारचं प्रकरण जरा नीट सांगते कारण मला कोणीच सांगितलं नव्हतं. बार वेगवेगळ्या रुंदीत मिळतात. बार रुंद असेल आणि तुमची कंबर बारीक, तर हार्नेसच्या दोन्ही बाजूंची टोकं पट्टे ओढून ओढून बारला येऊन टेकतात आणि मग पुढे घट्ट करायला जागाच राहत नाही, तुम्ही ओढताय आणि काहीच होत नाहीये. पाण्यात पट्टे भिजून थोडे सैल पडले की संपलंच. उलट बार फार अरुंद असेल तर दोन्ही बाजूंनी कंबर चिमटीत धरल्यासारखी दाबली जाते. बांधल्यावर बार आणि हार्नेसची कड यात दोन्ही बाजूंना ओढायला पट्टा शिल्लक दिसला पाहिजे, तेवढं बघा. बऱ्याच हार्नेसवर बार बदलता येतो, म्हणजे बाकी सगळं जमलं असेल तर नुसत्या बारसाठी हार्नेस नाकारू नका.

आणि जे घालून पाण्यात जाता तेच घालून ट्राय करा. जाड वेटसूटवर स्मॉल बसला तर नुसत्या लायक्रावर तोच सैल होणार. लोक बघतील? बघू देत, भिंतीला लटकताना बघतातच.

तर घेतला हा तिसरा. मोठ्या ऐटीत पाण्यात गेले. आणि अर्ध्या तासात हा पण वर! आधीच्याइतका नाही, पण दोन बोटं नक्की. मी किनाऱ्यावर येऊन वाळूवर बसले आणि हार्नेस बनवणाऱ्या समस्त लोकांबद्दल काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ट्रेनर दादा शांतपणे माझं सेल बघत होते. म्हणाले, "बूम इतकी वर कशाला बांधलीस गं? आणि दोरी कितीची आहे?" दोरी किती इंची असते हेच मला माहीत नव्हतं, बूमबरोबर जी आली ती. निघाली २४ इंची. बूम माझ्या हनुवटीच्या उंचीला.

नाचता येईना अंगण वाकडं, ते हेच.

विचार केला तर साधं आहे. बूम वर, हुक खाली, मधे दोरी. दोरी आखूड असेल तर तुम्हाला बूमच्या जवळ, जवळपास खालीच उभं राहावं लागतं, मग दोरी हुकाला ओढते ती वरच्या दिशेला, प्रत्येक झोतागणिक, तासभर. कुठलाही पट्टा वरच चढणार, अंगाला शिवून टाकला तरी चढेल. दोरी लांब केली की तुम्ही बूमपासून लांब जाता, हात सरळ होतात, मागे रेलता येतं, आणि ओढ वर न जाता पुढे, आडवी जाते. दादांनी बूम खांद्याच्या जरा खाली उतरवली आणि त्यांच्या २८ इंची दोऱ्या लावून दिल्या. त्याच दिवशी, त्याच वाऱ्यात, तोच हार्नेस, सव्वा तास, जागचा हलला नाही. हुक बेंबीच्या जरासा खाली, जिथे बांधला तिथेच.

मोजायचं असेल तर सोपी पद्धत आहे, कोपर दोरीच्या फासात टेकवा, हात बूमच्या दिशेनं सरळ करा, बूम तळहातापाशी मनगटाशी कुठेतरी आली की साधारण बरोबर. सीट हार्नेसला हुक खाली असल्यामुळे यापेक्षा लांब लागते. हे इंच म्हणजे पूर्ण दोरीची लांबी असते, लटकणारा फास नव्हे, आणि प्रत्येकाचं माप जरा इकडे तिकडे असतं, म्हणून शक्यतो कमी-जास्त करता येणारी दोरी घ्या आणि पाण्यावरच ठरवा. दोऱ्यांची जागाही बघा. हुक करून हात हलके सोडा, मागचा हात ओढला जात असेल तर दोऱ्या थोड्या मागे, पुढचा ओढला जात असेल तर पुढे. दोन्ही हात काही करत नाहीयेत असं वाटलं पाहिजे. हे चुकलेलं असेल तर तुम्ही नकळत अंग पिळून उभे राहता आणि मग हार्नेस वर नाही तर गोल फिरतो, हुक एका बाजूला, आणि दोष परत हार्नेसलाच.

मग मला जुन्या मीडियमची आठवण आली. लांब दोऱ्यांवर तो पण लावून बघितला. खरंच पुष्कळ बरा वागला. मागची पोकळी होती तशीच आणि बरगडीला लागायचा तो लागायचाच, पण हुक छातीपर्यंत जाणं बंद. मग तो माझ्या मावसभावाला दिला, उंच, सडपातळ, सरळसोट बांधा. त्याला असा बसलाय की त्याच्यासाठीच शिवलाय. मी ज्याला वर्षभर भंगार म्हणत होते तो हार्नेस तो रोज वापरतोय आणि मला ऐकवतोय.

आता सध्याच्या हार्नेसबद्दल बारीकसारीक. आत वेल्क्रोचा रुंद पट्टा आहे तो आधी, श्वास सोडून, कमरेच्या हाडाच्या जरा वर बांधायचा, मग बाहेरचे पट्टे. प्रत्येक बाजूला दोन पट्टे आहेत, मी खालचा जास्त घट्ट ठेवते आणि वरचा जरा सैल, त्यामुळे खालची कड हाडाला धरून राहते आणि बरगडीला श्वास घ्यायला जागा मिळते. पाण्यात पाच मिनिटं झाली की थांबून परत एकदा ओढायचं, भिजलेला पट्टा सैल पडतोच, कितीही महागातला असो. बकल दाताचं आहे, पकड चांगली आहे. बारखाली पोटाला लागू नये म्हणून जाड पॅड, हा नसलेला हार्नेस घेऊच नका, पुढे वाकलं की धातू थेट पोटात जातो.

बार एका बाजूनं झटक्यात सुटतो, ते फार महत्त्वाचं. पडल्यावर सेल अंगावर आणि दोरीनं हुकाला पीळ घातला असं क्वचित होतं, तेव्हा घाबरून ओढाओढ केली की पीळ आणखी बसतो, ज्या दिशेनं फिरलात त्याच्या उलट फिरलं की दोरी बहुतेक वेळा आपोआप निघते, नाही निघाली तर बकल सोडून हार्नेसमधून मोकळं व्हायचं. हे मी घरी डोळे मिटून दहा वेळा करून बघितलं, घरच्यांना वाटलं काहीतरी बिघडलंय. आणि कॅटापल्टमध्ये बूम सोडू नका, सोडली की तुम्ही हुकाला अडकून सेलवर आपटता, धरून ठेवली तर पडणं बरंच हळू होतं.

हार्नेसच्या फोमवर तरंगायच्या भरवशावर राहू नका, तो लाइफ जॅकेट नाही. मी वर ५० न्यूटनचं बॉयन्सी जॅकेट घालते, कमरेपर्यंत येणारं लांब नको, ते हार्नेसवर चढतं आणि मग दोघांची मारामारी. आखूड कटचं घ्या, कड हार्नेसच्या वर संपणारं.

घरी आल्यावर गोड्या पाण्यानं धुणं, बकलच्या दातांतली वाळू काढणं, सावलीत वाळवणं. उन्हात टाकला की पट्ट्यांचा रंग आधी उडतो आणि मग दम. आणि दोऱ्या दर काही दिवसांनी हातानं तपासा, हुकावर घासतो तोच भाग आधी जातो, वरून प्लॅस्टिकची नळी असते तिला चीर दिसली की बदलायची वेळ झाली.

अर्धा गुण गेला तो वेल्क्रोमुळे. इतका खरखरीत आहे की दोन रॅश गार्डची खालची कड त्यानं पार फस्त केलीय, धागे निघून झालर झालीय, आणि ओला असताना सोडवला की तो जो आवाज करतो त्यानं किनाऱ्यावरचे सगळे वळून बघतात. शिवाय फोम वाळायला अख्खी रात्र घेतो, दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर वारा असेल तर ओला, थंडगार पट्टा पोटाला बांधायला लागतो. त्यावर मला अजून काही इलाज सापडलेला नाही, आ करून बांधते आणि पाण्यात पळते.